शिफारस क्रमांक चार

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाने तिथल्या स्वच्छतेबद्दल बोलायचं असतं. ते आधी उरकतो. सिंगापूर स्वच्छ आहे. आता बाकीचं सांगायला मी मोकळा झालो.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माझी पत्नी विजया त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि ऐकण्याचं माझ्याकडे होतं, आणि दोघांचंही आपापल्या खात्यात उत्तम चाललं होतं. गेल्या वर्षी ती गेली. दुपारी चहाचं आधण ठेवून खुर्चीत बसली आणि गेली. तेव्हापासून घरात माझं एकट्याचंच खातं उरलं आहे, आणि त्याला काही काम नाही.

विजयाने वीस वर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. पूर ओसरल्यावर कुठली बाजारपेठ लवकर उभी राहते आणि कुठली राहत नाही? शेवटच्या दोन वर्षांत तिने तीच फूटपट्टी युक्रेनच्या प्रांतांना लावून पाहायला घेतली. मी एकदा म्हणालो, "अगं, आपल्या कृष्णेचा पूर कुठं आणि तिथलं युद्ध कुठं!" त्यावर ती म्हणाली, "बाजार पाण्यानं पडो नाहीतर तोफेनं, दुसऱ्या दिवशी शटर वर होतंय का ते बघायला कुणीतरी जातंच. मी त्या माणसाच्या मागोमाग जाते, एवढंच."

सिंगापूरच्या एका संस्थेने या विषयावर चार दिवसांची परिषद ठेवली होती. युद्धात पोळलेल्या देशातल्या प्रांतांनी पुन्हा आपल्या पायावर कसं उभं राहायचं, उद्योग-व्यापारात एकमेकांच्या बरोबरीने कसं टिकायचं, असा एकूण विषय. विजयाचा निबंध त्यांनी स्वीकारला होता. ती गेल्यावर त्यांनी मला लिहिलं, तुम्ही येऊन वाचाल का? नाही म्हणायला मोठं पत्र लिहावं लागलं असतं. मी 'हो' एवढंच कळवलं.

निबंध पूर्ण होता. फक्त शेवटच्या पानावर शिफारशी होत्या, त्यात एक, दोन, तीन लिहिलेल्या, आणि मग '४.' असा आकडा, पुढे टिंब, आणि पुढे कोरा कागद.

निघताना तिच्या कपाटातून निबंधाची फाइल काढली आणि त्या जागी फाइलीचा क्रमांक चिकटवलेला लाकडी ठोकळा ठेवला. ही ग्रंथालयातली सवय. पुस्तक बांधणीला गेलं की त्याच्या जागी फळीवर त्याच्याच जाडीचा ठोकळा ठेवायचा, वर पुस्तकाचा क्रमांक चिकटवायचा. नाहीतर बाजूची पुस्तकं आत कलंडतात, आणि पुस्तक परत येतं तेव्हा त्याला जागा नसते. निवृत्तीच्या वेळी लोकांना शाल-श्रीफळ मिळतं. मी असे चार ठोकळे मागून घेतले होते.

बुकित बातोक, रविवार

माझी उतरायची सोय अदितीकडे होती. ती विजयाच्या भावाची मुलगी. नवरा बोटीवर इंजिनीअर, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ती स्वतः बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मॅनेजर, आणि मुलगी ईरा नऊ वर्षांची. बुकित बातोक या सिंगापूरच्या उपनगरात, बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात मी पोचलो तेव्हा थालीपिठाचा वास येत होता. मी बॅगेतून मेतकूट आणि भडंगाची सहा पाकिटं काढली. सांगलीचा माणूस देवाघरी जातानासुद्धा भडंग नेईल, असं विजया म्हणायची. ती मात्र न नेता गेली.

"काका, आत्याची चौथी शिफारस सापडली का कुठं?" अदितीने विचारलं.

"तिच्या सगळ्या वह्या चाळल्या. नाही."

"मग मी एआयला विचारते. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटंही लागली नाहीत. थालीपीठ उलटायच्या आत चौथी शिफारस तयार होती. त्यात मालवाहतुकीचं केंद्र होतं, हरित ऊर्जा होती, डिजिटल कौशल्यं होती आणि 'सर्व घटकांचा सहभाग' होता. वाचायला अतिशय गुळगुळीत. मी दोनदा वाचली.

"कशी वाटली?"

"यात एकही माणूस दुकानात जात नाही," मी म्हणालो.

ईरा तोंडात घास धरून ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, आजीची ॲसाइनमेंट तुम्ही कम्प्लीट केली तर टीचर स्कोल्ड करेल. दॅट वन कॅनॉट लाह." 'लाह' हे तिथल्या इंग्रजीचं शेपूट.

सोमवार

सकाळी टॅक्सीवाल्याने विचारलं, कसली परिषद? मी म्हणालो, प्रांतांचा विकास. मागे पडलेले प्रांत पुढच्यांना कसे गाठतील, वगैरे. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अंकल, इथं प्रांत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास. ट्रॅफिक असेल तर दीड."

हा प्रश्न परिषदेतही निघाला. युक्रेनहून आलेल्या एका अधिकाऱ्याने उभं राहून अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडचे दुर्गम प्रदेश तुम्ही मुख्य प्रवाहात कसे आणलेत?" उत्तर द्यायला परिषदेची व्यवस्थापक मिस लिम उभी राहिली. वय तिशीचं, हातात घड्याळ, गळ्यात दुसरं घड्याळ. तीही तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "तिथपर्यंत मेट्रो नेली."

मी मागच्या रांगेत बसलो होतो. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून मी माझ्या अधिकारातली गोष्ट पाहत होतो. प्रत्येकाच्या पडद्यावर शेवटी संदर्भांची यादी येते, ती वर्णानुक्रमाने आहे का? बहुतेकांची नव्हती. एका उंच सल्लागाराने प्रांतांच्या क्रमवारीचा रंगीत आलेख दाखवला. कोण पहिला, कोण शेवटचा. त्याच्या यादीत 'एम' हा 'के'च्या आधी आला होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पाहत राहिलो. तो माझ्याकडे बघून अडखळला. "अर्थात, या आलेखाला मर्यादा आहेत," तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. "बऱ्याच मर्यादा आहेत," तो म्हणाला. चहाच्या सुट्टीनंतर त्याने तो आलेख मागे घेतल्याचं जाहीर केलं.

तेव्हापासून माझा दबदबा वाढत गेला. न बोलणाऱ्या माणसाला फार माहिती असते, असा सगळ्या जगाचा समज दिसतो. तो आमच्या कॉलेजात असता तर मी प्राचार्य झालो असतो.

चहाच्या वेळी मिस लिमने मला गाठलं. तिच्या हातात माझ्या पडद्यावरच्या पानांचा छापील संच होता.

"सर, क्रमांक चार रिकामा आहे."

"हो."

"प्रिंटिंग मिस्टेक?"

"नाही. तिने तेवढंच लिहिलं होतं."

तिचा चेहरा मऊ झाला, पण गळ्यातलं घड्याळ चालू होतं. "सर, आय अंडरस्टँड. पण अहवाल छापायचा आहे. अहवालात नुसता आकडा ठेवता येत नाही. गुरुवारी सकाळपर्यंत चौथी शिफारस भरा, नाहीतर काढून टाका. तीन ठेवल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही. कॅन?"

कुणाला कळणारसुद्धा नाही. मला नेमकं तेच सहन होईना. भरावं तर ते तिचं नव्हे आणि काढावं तर ती तिथे पोचली होती हेच पुसलं जाणार. आकडा लिहिला होता म्हणजे तिच्या मनात काहीतरी होतं. माझ्याकडे विजयाचं न वाचलेलं असं आता तेवढं एकच उरलं होतं.

"बघतो," मी म्हणालो. विजया असती तर म्हणाली असती, 'बघतो' म्हणजे तुमचं 'नाही' असतं.

दुपारच्या जेवणाला मी आणि हालिना बिशानच्या हॉकर सेंटरवर गेलो. हालिना ही युक्रेनच्या एका प्रांताच्या अर्थखात्याची प्रमुख. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केस मागे घट्ट बांधलेले. आधी लांबचा रेल्वेप्रवास, मग शेजारच्या देशातून विमान, असं करत ती इथे आली होती. तिच्या प्रांताचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. तिलाही 'सांगली' जमलं नाही, त्यामुळे फिटंफाट झाली. इंग्रजी दोघांचंही पुस्तकी, म्हणून आमचं चांगलं जमलं.

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नासेक गाळे आणि मधे टेबलांचा समुद्र. गर्दी अशी की जागा दिसेना. पण नीट पाहिलं तर बऱ्याच रिकाम्या टेबलांवर कागदी रुमालांची छोटी पाकिटं ठेवलेली होती. अदितीने बजावलं होतं की पाकीट दिसलं की तिथे बसायचं नाही. तिथल्या भाषेत याला 'चोप' करणं म्हणतात. पाकीट ठेवायचं आणि निर्धास्तपणे खायला आणायला जायचं. मंत्री आला तरी ती जागा घेत नाही म्हणे.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अहो, हे तर आमचं एस.टी.चं शास्त्र! गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. भांडण झालंच तर कंडक्टर रुमालाच्या बाजूने निकाल देतो. मी हालिनाला हे समजावून सांगितलं आणि मोठ्या ऐटीत खिशातला रुमाल काढून दोन जागांच्या मधे पसरला. विजयाने कडेला निळा दोरा घातलेला पांढरा रुमाल. मग आम्ही खायला आणायला गेलो.

परत आलो तर टेबलापाशी सफाईच्या एक आजीबाई उभ्या. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर टोपी, पायांत रबरी बूट. त्या माझ्या रुमालाने टेबल पुसत होत्या. आधीच्या कुणीतरी लाल तिखट रस्सा सांडला होता, तो त्यांनी अगदी मन लावून, कोपऱ्या-कोपऱ्यातून टिपला, रुमाल पिळला आणि ढकलगाडीवरच्या बादलीत टाकून निघाल्या.

मी तिथेच उभा. हातात ताट, ताटात बर्फाचा डोंगर. त्या पदार्थात किसलेल्या बर्फावर रंगीत पाक, मका आणि चक्क उकडलेले राजमे असतात. आमच्याकडे बर्फाच्या गोळ्यावर राजमा घातला तर गाडीवाल्याला लोक धरतील. तो डोंगर विरघळत होता आणि रुमाल चालला होता.

हालिनाने ताट ठेवलं आणि गाडीमागे धावली. पुढचा संवाद असा झाला की हालिना युक्रेनीत बोलत होती आणि आजीबाई चिनीत. दोघींचे आवाज टिपेला. मधेच हालिनाने माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या अनामिकेवरच्या अंगठीकडे, मग आकाशाकडे. आजीबाई एकदम थांबल्या. बादलीत हात घालून त्यांनी रुमाल काढला, नळाखाली धुतला, पिळला, चार घड्या घातल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"अंकल," त्या आता इंग्रजीत म्हणाल्या, "टेबलावर कापड, म्हणजे मी टेबल पुसणार! जागा पाहिजे तर टिश्यू ठेव. कापड ठेवतात का कुणी? तुला बायकोने सांगितलं नाही?"

मग त्यांनी स्वतःच्या खिशातून टिश्यूची दोन पाकिटं काढली, एक मला, एक हालिनाला दिलं, आणि मान हलवत निघून गेल्या. राजमे उरले होते ते आम्ही खाल्ले. चांगले होते.

पुलाउ उबीन, बुधवार

कार्यक्रमपत्रिकेत बुधवारी 'निसर्गसान्निध्यात अनौपचारिक चर्चा' असं लिहिलं होतं. ती पुलाउ उबीन नावाच्या बेटावर करायची होती. बेटावर जुनी खेडवळ घरं शिल्लक आहेत आणि लोक तिथे सुट्टीला सायकल चालवायला जातात.

धक्क्यावर लाकडी बोट उभी होती. आम्ही चढून बसलो. बोट सुटेना. मिस लिम घड्याळ बघत नावाड्याशी बोलायला गेली आणि ओशाळून परत आली. "बारा माणसं झाल्याशिवाय तो निघत नाही. आपण अकरा आहोत."

मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. या मिनिटामिनिटाच्या देशात शेवटी वडाप सापडलं! आमच्याकडे मिरज-सांगली मार्गावर भरल्याशिवाय न हलणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. फरक इतकाच की आमच्याकडे बाराव्या माणसानंतर आणखी सहा घेतात.

वीस मिनिटं झाली. बारावा माणूस येईना. नावाडी शांतपणे पेपर वाचत होता. मिस लिमचा चेहरा हळूहळू दोन्ही घड्याळांसारखा गोल होत चालला. शेवटी हालिना उठली. नावाड्याशी दोन शब्द बोलली, एक भाडं जास्त दिलं, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या फळीवर तिने आपली पर्स ठेवली.

"बारावी कोण?" नावाड्याने विचारलं.

"यांची बायको," हालिना म्हणाली.

नावाड्याने माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, मान डोलावली आणि इंजिन सुरू केलं. माझ्या डोळ्यांत खारं पाणी गेलं. बोटीच्या कडेला बसलं की जातं.

वाटेत हालिना म्हणाली, "आमच्याकडे सीमेजवळच्या एका गावाला आठवड्यातून दोनदा बस जाते. बऱ्याचदा रिकामी. आमच्या क्रमवारीत त्या बसमुळे आमचे गुण कापले जातात. अकार्यक्षम सेवा म्हणून."

"मग बंद का करत नाही?"

"बस बंद झाली की गाव संपलं."

बेटावर आम्हाला सायकली मिळाल्या. मी तीस वर्षांनी सायकलवर बसलो होतो, त्यामुळे पहिला मैलभर चर्चा फारच अनौपचारिक झाली. एका वळणावर थांबून मी सर्वांना भडंग वाटायला पाकीट फोडलं, तोच झाडीतून एक रानडुक्कर आलं, माझ्याकडे न बघता पाकीट तोंडात धरलं आणि बाजूला जाऊन खायला लागलं.

"सर! प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे! दंड होईल!" मिस लिम ओरडली.

"मी दिलं नाही. त्याने घेतलं."

"तरी पण!"

तेवढ्यात डुकराच्या दाताखाली तळलेला लसूण आणि मिरची एकदम आली असावी. ते तीनदा मोठ्याने शिंकलं, पाकीट टाकलं आणि पळालं. दंड प्राण्याला परस्पर झालेला पाहून मिस लिमही हसली. तीन दिवसांतलं तिचं ते पहिलं हसू.

पुढे एक जुनं पत्र्याचं घर लागलं. दाराला कुलूप. अंगण मात्र स्वच्छ झाडलेलं. शेजारच्या घरातला म्हातारा हातात खराटा घेऊन उभा होता. हे तुमचं घर का, म्हणून हालिनाने विचारलं. नाही, तो म्हणाला, शेजाऱ्यांचं. ते शहरात फ्लॅटमध्ये गेले. पुष्कळ वर्षं झाली.

"मग तुम्ही का झाडता?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "आले तर?" तो म्हणाला.

हालिना पुढे बराच वेळ सायकल हातात धरून चालली. मग तिने सांगितलं की तिच्या टेबलावर एक फाइल आहे. शहरातली मोठी मंडई दुरुस्त झाली आहे. पण निम्म्या गाळ्यांची माणसं परगावी, परदेशी किंवा आघाडीवर गेलेली. ते गाळे लिलावात काढून नव्या, मोठ्या व्यापाऱ्यांना कायमचे द्यावेत, असा प्रस्ताव आहे. मंडई भरलेली दिसेल, क्रमवारीत प्रांत वर जाईल, पैसे गुंतवणारे येतील. परत गेल्यावर तिला सही करायची होती.

"आणि नाही केली तर?"

"तर रिकामे गाळे दिसतात. रिकाम्या गाळ्यांकडे बघून लोक म्हणतात, इथं काही होणार नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बायकोच्या पहिल्या तीन शिफारशी मी वाचल्या. पहिली, सगळ्या प्रांतांनी एकच योजना लिहू नये. बरोबर. आम्ही सगळ्यांनीच स्वतःला मालवाहतुकीचं केंद्र म्हटलं आहे. मग माल जाणार कुठे? दुसरी, कोण पुढे आहे यापेक्षा कोण किती पडला आणि किती उठला ते मोजा. तिसरी, मोठ्या कारखान्याआधी बस, बाजार आणि शाळा. हे सगळं बरोबर आहे. पण गेलेल्यांच्या गाळ्यांचं काय करायचं, ते चौथीत असेल असं मला वाटलं होतं. मी इतक्या लांब त्यासाठी आले."

मी काहीच बोललो नाही. या वेळी त्या गप्प बसण्याचा तिच्यावर काहीही परिणाम झाला नाही.

गुरुवार

माझं वाचन सकाळी होतं. मी क्रमांक चार भरला नव्हता आणि काढलाही नव्हता. विजयाचा निबंध वाचताना मला एक शोध लागला की तिची वाक्यं माझ्या आवाजात मोठी होत नाहीत. तिची असतात तेवढीच, चालत्या माणसाच्या श्वासाइतकी राहतात. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. मग शेवटचं पान पडद्यावर आलं. एक, दोन, तीन. आणि '४.'

सभागृह वाट पाहू लागलं. मी पाणी प्यायलो. मिस लिमने दाराजवळून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"आणि चौथी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी अर्थतज्ज्ञ नाही. मी ग्रंथपाल आहे."

रंगीत आलेखवाल्या सल्लागाराने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

इतकं बोलल्यावर थांबणं बरं दिसेना, म्हणून मी ठोकळ्याबद्दल सांगितलं. पुस्तक बांधणीला जातं. कधी महिन्याने येतं, कधी वर्षाने, कधी येतच नाही. पण त्याचा क्रमांक आपण दुसऱ्याला देत नाही. जागी ठोकळा ठेवतो. ठोकळा वाचता येत नाही, दिसायलाही चांगला नसतो, आणि तपासणीला आलेले साहेब दर वेळी विचारतात की एवढी जागा वाया का घालवता? त्यांना सांगावं लागतं की ठोकळा गेलेल्या पुस्तकासाठी असतो तितकाच राहिलेल्या पुस्तकांसाठीही असतो. तो काढला की बाजूची पुस्तकं कलंडतात, पाठी मोडतात. फळी भरलेली दिसावी म्हणून कुणाचाही क्रमांक कुणालाही देत सुटलं, तर थोड्या दिवसांनी त्या ग्रंथालयात काहीच सापडत नाही. "माझी पत्नी इथे काय लिहिणार होती ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण तिने क्रमांक घातला आहे. मी तो काढणार नाही आणि त्यात माझं भरणारही नाही."

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण. विजया शेजारी असती तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

लोकांच्या चेहऱ्यावर आदरयुक्त गोंधळ होता. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "फार हृद्य. पण अहवालाच्या दृष्टीने आपण तीनच शिफारशी धरू या."

तेव्हा हालिना उठली. ती सरळ पडद्यापाशी गेली, पर्समधून बिशानच्या आजीबाईंनी दिलेलं टिश्यूचं पाकीट काढलं आणि '४.' या आकड्याच्या पुढे, कोऱ्या जागेवर, तळहाताने दाबून धरलं.

मग स्थानिक मंडळींच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळी रांग. परदेशी पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मिस लिमने डोळे मिटले, उघडले. आतापर्यंत तिच्याकडे नियम होते. आता तिच्यापुढे त्याहून जुना कायदा उभा होता.

"ओके, ओके," ती म्हणाली. "चोप झालेलं आहे. आता कॅनॉट टच लाह."

"पण अहवालात..." अध्यक्ष म्हणाले.

"सर, टिश्यू आहे तिथं," मिस लिम म्हणाली, जणू हे त्यांना लहानपणीच शिकवायला हवं होतं.

सांगली

परत आल्यावर दीड महिन्याने छापील अहवाल आला. शेवटच्या पानावर तीन शिफारशी, मग '४.' आणि चार ओळींची कोरी जागा. खाली बारीक टीप होती: 'सहभागी प्रांतांच्या विनंतीवरून ही जागा रिकामी ठेवली आहे.' मांडणी फार सुरेख. संदर्भांची यादी वर्णानुक्रमाने आहे. मी तपासली.

त्याच दिवशी हालिनाचा ईमेलही आला. तिने फाइलवर सही केली नव्हती, दुसराच मसुदा करून घेतला होता. गाळ्यांवर मूळ माणसाच्या नावाची पाटी राहील. तो परत येईपर्यंत दुसऱ्याने तिथे माल मांडावा, पण पाटी झाकायची नाही. वरिष्ठ नाराज आहेत, क्रमवारीत प्रांत एक पायरी घसरला आहे. पहिल्या आठवड्यात एक लोणचीवाली बाई परत आली, आपल्या पाटीखाली उभी राहून रडली, आणि मग तात्पुरत्या दुकानदाराने कोबी चुकीचा रचला म्हणून त्याच्याशी तासभर भांडली. "मंडई चालू झाली," असं हालिनाने लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं की त्या डुकराने टाकलेला खाऊ आणखी मिळेल का? मी दोन किलो पाठवलं.

रुमाल मी तीनदा धुतला. लाल डाग फिका झाला, गेला नाही. असे डाग कसे काढायचे ते विजयाला माहीत होतं.

मग अहवाल कपाटात लावायला घेतला. लाकडी ठोकळ्यावरचा क्रमांक अहवालाच्या पाठीवर चिकटवला, ठोकळा काढला आणि त्या जागी अहवाल ठेवला. रीतीप्रमाणे तिथे ठोकळ्याचं काम संपलं होतं. पण अहवाल फारच सडपातळ निघाला. हात काढताच दोन्ही बाजूंची जाडजूड पुस्तकं त्याच्यावर कलंडली.

म्हणून आता तिथे दोन्ही आहेत. आधी अहवाल, आणि त्याला टेकून ठोकळा.